सभेचे नियम कशासाठी? भिक्खू संघाच्या विनयातून कार्यकर्त्यांनी घ्यायचा धडा



एप्रिल जवळ आला की गावोगावच्या विहारांत आणि समाजमंदिरांत जयंतीच्या बैठका सुरू होतात. वर्गणी किती ठेवायची, डीजे लावायचा की व्याख्यानमाला घ्यायची, मागच्या वर्षीचा हिशेब कुठे आहे, अध्यक्ष कोणत्या गल्लीतला असावा, असे सगळे प्रश्न एकाच संध्याकाळी पुढे येतात. पहिल्या बैठकीला सभागृह भरलेले असते. तिसऱ्या बैठकीला तेच दहा-बारा चेहरे उरतात. महिला मागच्या रांगेत बसून ऐकतात आणि स्वयंपाकाची जबाबदारी घेऊन घरी जातात. कॉलेजात शिकणारी मुले एकदा बोलतात, कोणीतरी "तू कालचा पोरगा" म्हणून गप्प करतो आणि मग ती येतच नाहीत. पुढच्या वर्षी त्याच वस्तीत दोन मंडळे आणि दोन मिरवणुका दिसतात.

यावर आपल्याकडे सहसा दोन उपाय सांगितले जातात. ज्येष्ठ म्हणतात, "शिस्त पाहिजे, अध्यक्ष सांगतील ते ऐका." तरुण म्हणतात, "प्रत्येकाला हवे ते बोलू द्या, हीच लोकशाही." पहिल्या उपायाने माणसे गप्प बसतात, दुसऱ्याने ज्याचा आवाज मोठा त्याचे राज्य येते. आमच्या मते दोन्ही उपाय अपुरे आहेत. सभेला आधी ठरवलेले, सर्वांना माहीत असलेले आणि अध्यक्षालाही लागू होणारे नियम लागतात. असे नियम शोधायला आपल्याला दूर जाण्याची गरज नाही. अडीच हजार वर्षांपूर्वी भगवान बुद्धांच्या भिक्खू संघाने ते तयार केले, वापरले आणि विनयपिटकात जपून ठेवले. या लेखात आम्ही त्यांतले मुख्य नियम समजावून सांगत आहोत आणि आजच्या बैठकीत त्यांचा उपयोग कसा होईल तेही मांडत आहोत.

बाबासाहेबांनी याकडे लक्ष वेधले होते

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेत समारोपाचे भाषण केले. त्यातला भक्ती आणि हुकूमशाहीचा इशारा आपण नेहमी सांगतो. त्याच भाषणातला दुसरा एक भाग मात्र आपल्या व्याख्यानांत कमी येतो. भारताला संसद किंवा संसदीय कार्यपद्धती नवीन नाही, हे सांगताना बाबासाहेबांनी बौद्ध भिक्खू संघाचा दाखला दिला. बसण्याची व्यवस्था, प्रस्ताव, ठराव, गणपूर्ती, पक्षप्रतोद, मतमोजणी, गुप्त मतदान, निंदाव्यंजक ठराव, एकदा निकाली निघालेला विषय पुन्हा न उकरणे, हे सगळे नियम संघाला माहीत होते आणि संघ ते पाळत होता, असे त्यांनी सांगितले. बुद्धांनी हे नियम त्या काळच्या राजकीय सभांमधून घेतले असावेत, असेही ते म्हणाले. आणि ही लोकशाही पद्धत भारताने एकदा गमावली, याची आठवणही त्यांनी करून दिली.

त्याच भाषणात त्यांनी आपल्याशी वाद घालणाऱ्या सभासदांची आठवण काढली. ह. वि. कामत, डॉ. पंजाबराव देशमुख, के. टी. शाह, हृदयनाथ कुंझरू अशा सभासदांची नावे घेऊन, त्यांनी उभे केलेले मुद्दे बहुधा तात्त्विक होते आणि त्यांच्यामुळे सभेचे कामकाज जिवंत राहिले, अशी कबुली दिली. मसुद्याला सुमारे ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या आणि त्यांतल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. एवढ्या दुरुस्त्यांना तोंड दिलेला माणूस विरोधकांचे आभार मानतो, याचा अर्थ आपण नीट समजून घेतला पाहिजे. विरोधकांचा विरोध नियमांच्या चौकटीत होता, म्हणून त्या विरोधातून संविधान अधिक नेटके झाले.

बैठक सुरू होण्याआधीचे नियम

विनयानुसार संघाच्या कोणत्याही निर्णयाला किमान उपस्थिती लागते. बहुतेक कामांना किमान ४ भिक्खू, पवारणेला ५, उपसंपदेला मध्यदेशात १० आणि गंभीर दोषातून मुक्त करून परत घ्यायचे असेल तर २० भिक्खू. निर्णय जितका महत्त्वाचा, तितकी जास्त उपस्थिती. चार मित्रांनी चहाच्या टपरीवर ठरवायचे आणि ते मंडळाचा ठराव म्हणून सांगायचे, ही पद्धत विनयात बसत नाही.

हा नियम परिस्थिती पाहून बदललाही गेला. अवंती प्रदेशातल्या सोण कुटिकण्ण यांना उपसंपदा घ्यायची होती. तिथे भिक्खू इतके थोडे होते की दहा जणांचा संघ जमवायला महाकच्चान थेरांना तीन वर्षे लागली. पुढे सोण यांनी आपल्या आचार्यांच्या वतीने ही अडचण भगवंतांपुढे मांडली, तेव्हा सीमेवरच्या प्रदेशांसाठी ही संख्या पाचवर आणली गेली. अट एकच, त्या पाचांत एक विनय जाणणारा हवा. नियम अडचणीचा ठरला तर तो खुलेपणाने मांडून, कारण सांगून बदलावा. गुपचूप मोडू नये.

जो आजारी आहे त्याचे काय? त्याने दुसऱ्या भिक्खूमार्फत आपली संमती कळवायची. याला 'छन्द' म्हणतात. म्हणजे अनुपस्थित माणसालाही सभेत जागा आहे. तसेच एखाद्यावर दोष ठेवायचा असेल तर तो समोर असतानाच विषय घ्यायचा. याला 'सम्मुखाविनय' म्हणतात. माणूस गावाला गेला असताना त्याला कार्यकारिणीतून काढणे या नियमात बसत नाही.

ठराव कसा मांडायचा

संघाच्या सभेत विषय तोंडी गप्पांतून ठरत नसे. आधी एक जाणकार भिक्खू प्रस्ताव मांडतो, त्याला 'ञत्ति' म्हणतात. त्यानंतर ठरावाचे वाचन होते. साध्या कामात ते एकदा होते, महत्त्वाच्या कामात तीन वेळा. प्रत्येक वाचनात सांगितले जाते की ज्यांना हे मान्य आहे त्यांनी शांत राहावे, ज्यांना मान्य नाही त्यांनी बोलावे. तिसऱ्या वाचनानंतरही कोणी बोलले नाही तर ठराव संमत झाला.

यात दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. पहिली अशी की विषय नेमका काय आहे, हे शब्दांत मांडल्याशिवाय संमती मागताच येत नाही. आपल्याकडे अनेकदा वर्गणीचा विषय सुरू होतो आणि वीस वर्षांपूर्वीच्या कुठल्यातरी भांडणावर संपतो. ठराव लिहून वाचला गेला तर गाडी रुळावर राहते. दुसरी गोष्ट अशी की इथे मौन म्हणजे संमती आहे, पण ती तीनदा विचारून घेतलेली संमती आहे. "कोणाला काही म्हणायचे आहे का? नाही? मंजूर!" असे एका श्वासात म्हणणारा अध्यक्ष मौनाचा गैरफायदा घेतो. बोलायला घाबरणाऱ्या माणसाला उभे राहायला वेळ लागतो. तीन वाचनांमुळे तो वेळ मिळतो.

सभासदांवरही बंधने आहेत. संघात निर्णय चालू असताना आपली संमती न कळवता उठून जाणे हा दोष मानला आहे. आधी संमती देऊन नंतर बाहेर त्या निर्णयाबद्दल कुरकुर करणे हाही दोष आहे. आणि धम्मानुसार, नियमाप्रमाणे निकाली निघालेला विषय जाणूनबुजून पुन्हा उकरून काढणे हाही दोष आहे. तावातावाने सभात्याग करायचा आणि रात्री मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये त्याच ठरावाची खिल्ली उडवायची, हे आपल्या ओळखीचे चित्र आहे. विनयाने त्याला आधीच नाव देऊन ठेवले आहे. मात्र 'नियमाप्रमाणे निकाली निघालेला' ही अट विसरू नये. जो निर्णय मुळात नियम मोडून झाला, तो पुन्हा मांडण्याची वाट खुली आहे.

दुसऱ्याची चूक कशी दाखवायची

चळवळीतली सगळ्यात अवघड गोष्ट हीच आहे. विनयात यावर फार बारकाईने विचार केला आहे. पहिला नियम 'ओकास' म्हणजे परवानगीचा. एखाद्याचा दोष दाखवायचा असेल तर आधी त्याला विचारायचे, मला आपल्याशी बोलायचे आहे, अवसर द्याल का? परवानगीशिवाय कोणावर दोषारोप करायचा नाही. वाट अडवून, चार लोकांपुढे अचानक एखाद्याला पकडायचे नाही, इतका साधा अर्थ.

त्यानंतर पाच कसोट्या आहेत. योग्य वेळी बोलतो आहोत का? खरे बोलतो आहोत का? सौम्य शब्दांत बोलतो आहोत का? त्यातून काही हित होणार आहे का? आणि बोलताना मनात मैत्री आहे की द्वेष? पंचशीलातले चौथे शील आपण रोज म्हणतो. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दिलेल्या २२ प्रतिज्ञांमध्येही खोटे न बोलण्याची प्रतिज्ञा आहे. पण या पाच कसोट्या त्याच्याही पुढे जातात. बोलणे खरे असले तरी ते चुकीच्या वेळी, जखम करण्यासाठी बोललेले असू शकते. "मी तोंडावर खरे बोलतो" हा आपल्याकडे अनेकांचा अभिमान असतो. पाचांपैकी ही फक्त एक कसोटी झाली, उरलेल्या चारही पार कराव्या लागतात.

यातून उलटा अर्थ काढू नये. सौम्य बोला म्हणजे चूक झाका, असा हा नियम नाही. हिशेब मागणे हा सभासदाचा हक्क आहे आणि त्यासाठी आवाज चढवावा लागत नाही. पावतीपुस्तक दाखवा, बँकेचे पासबुक दाखवा, हे शांतपणे आणि ठामपणे सांगता येते.

खोट्या आरोपाबद्दल मात्र विनय कठोर आहे. दब्ब मल्लपुत्र हे संघाच्या निवासाची आणि भोजनाची व्यवस्था पाहणारे भिक्खू. आपल्याला वाईट जेवण मिळाले याचा राग धरून मेत्तिय आणि भुम्मजक या भिक्खूंनी त्यांच्यावर चारित्र्याचा खोटा आरोप घडवून आणला. चौकशी झाली, दब्ब निर्दोष ठरले आणि संघाने तसा ठराव केला. असा निराधार आरोप करणे हा 'संघादिसेस' या गंभीर गटातला दोष ठरला. दब्बांवर असाच खोटा आरोप करणाऱ्या वड्ढ लिच्छवी या उपासकाकडून दान न स्वीकारण्याचा निर्णय संघाने घेतला. वड्ढाने चूक कबूल करून क्षमा मागितली, तेव्हा तो निर्णय रीतसर मागेही घेतला. शिक्षा आहे, पण परतीचा दरवाजाही आहे. आपल्याकडे एकदा बहिष्कार पडला की तो पिढ्यान्‌पिढ्या चालतो. तो संपवण्याची रीत कोणी ठरवलेलीच नसते.

आपल्यावरची टीका कशी ऐकायची

एकदा कोसल देशात काही भिक्खूंनी वर्षावासात भांडण होऊ नये म्हणून एक युक्ती काढली. तीन महिने एकमेकांशी बोलायचेच नाही. कामे खुणेने करायची. वर्षावास संपल्यावर ते मोठ्या समाधानाने भगवंतांना भेटायला गेले. भगवंतांनी त्यांचे कौतुक केले नाही. हे जनावरांसारखे एकत्र राहणे झाले, असे सांगून त्यांनी मौनव्रताला मनाई केली आणि 'पवारणा' हा विधी घालून दिला. वर्षावासाच्या शेवटी प्रत्येक भिक्खूने संघापुढे यायचे आणि विनंती करायची की माझ्याबद्दल तुम्ही काही पाहिले असेल, ऐकले असेल किंवा काही शंका असेल तर सांगा, मी दुरुस्ती करीन.

ही कथा आजच्या मंडळांना तंतोतंत लागू आहे. "वाद नको म्हणून तो विषयच काढू नका" हे वाक्य आपण किती वेळा ऐकतो! वाद टाळण्यासाठी पाळलेले मौन म्हणजे एकी नव्हे. पवारणेची खरी ताकद सुरुवात कोण करतो यात आहे. क्रम ज्येष्ठांपासून सुरू होतो. संयुत्त निकायातल्या पवारणा सुत्तात तर स्वतः भगवान बुद्ध भिक्खूंना विचारतात की माझ्या कायेच्या किंवा वाणीच्या वर्तनात काही दोष दिसतो का. जिथे शास्ता हा प्रश्न विचारतो, तिथे मंडळाचा अध्यक्ष त्याच्या वर कसा असेल?

बाहेरून होणाऱ्या टीकेबद्दलही स्पष्ट शिकवण आहे. राजगृह आणि नालंदा यांच्या दरम्यानच्या रस्त्यावर सुप्पिय नावाचा परिव्राजक बुद्ध, धम्म आणि संघ यांची निंदा करत चालला होता आणि त्याचाच शिष्य ब्रह्मदत्त स्तुती करत होता. ब्रह्मजाल सुत्ताची सुरुवात या प्रसंगाने होते. भगवंतांनी भिक्खूंना सांगितले की निंदा ऐकून चिडू नका. चिडलात तर ती निंदा खरी की खोटी, हेच तुम्हाला कळणार नाही. जे चूक आहे ते चूक म्हणून शांतपणे सांगा. स्तुती झाली तरी हुरळून जाऊ नका. जे खरे आहे तेवढे खरे म्हणून मान्य करा.

आणि निव्वळ शिवीगाळ करणारा माणूस आला तर? अक्कोसक भारद्वाज नावाचा ब्राह्मण भगवंतांना शिव्या देऊ लागला, तेव्हा त्यांनी त्याला विचारले की तुझ्या घरी पाहुणे येतात, तू जेवण वाढतोस, त्यांनी ते घेतले नाही तर ते कोणाकडे राहते? माझ्याकडेच, असे तो म्हणाला. तसेच या शिव्यांचेही, त्या आम्ही घेतल्या नाहीत, असे भगवंतांनी सांगितले. आपल्या तरुणांना रोज चिथावणी देणारे लोक भेटतात. जातीवाचक शिवीगाळ हा गुन्हा आहे आणि त्यासाठी अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती अत्याचार प्रतिबंध अधिनियम, १९८९ आहे. तो वापरावा. पण शिवीला शिवी देऊन आपली संध्याकाळ आणि आपली बैठक त्या माणसाच्या हाती सोपवू नये.

एकमत झालेच नाही तर

बुद्धांच्या महापरिनिर्वाणानंतर सुमारे १०० वर्षांनी वैशालीत मोठा वाद झाला. सुरुवात पैशावरून झाली, हे लक्षात घ्या. उपोसथाच्या दिवशी तिथले वज्जी भिक्खू पाण्याने भरलेले काशाचे भांडे ठेवून उपासकांकडे नाणी मागत होते. यस काकंडकपुत्त या भिक्खूंनी सर्वांसमक्ष विरोध केला आणि आपला वाटा नाकारला. तेव्हा उलट त्यांच्यावरच कारवाई करण्याचा प्रयत्न झाला. पण यस एकटे पडले नाहीत. पावा, अवंती आणि दक्षिणापथातल्या भिक्खूंपर्यंत त्यांनी विषय नेला. शेवटी संघ वैशालीतच जमला.

तिथे काय झाले? भरसभेत चर्चा सुरू झाली आणि इतकी वायफळ बडबड झाली की कोणाच्याच बोलण्याचा अर्थ लागेना. म्हणून रेवत थेरांनी प्रस्ताव मांडला की हा विषय एका निवडक समितीकडे द्यावा. याला 'उब्बाहिका' म्हणतात. पूर्वेकडचे ४ आणि पश्चिमेकडचे ४ असे ८ भिक्खू निवडले गेले. दोन्ही बाजूंना समान जागा. अजित नावाच्या भिक्खूंची आसनव्यवस्थेसाठी नेमणूक झाली. एकेक मुद्दा घेऊन प्रश्नोत्तरे झाली, दहाही मुद्दे नियमबाह्य ठरले आणि निर्णय पुन्हा संपूर्ण संघापुढे ठेवला गेला. आसनव्यवस्थेसारख्या लहान गोष्टीलाही एक जबाबदार माणूस नेमला गेला, हे विसरू नका. कोण कुठे बसतो यावरूनच कोण बोलणार हे बऱ्याचदा ठरते.

समितीनेही प्रश्न सुटला नाही तर बहुमत. याला 'येभुय्यसिका' म्हणतात. मतदानासाठी लाकडी सलाका म्हणजे काड्या वाटल्या जात. त्या गोळा करणाऱ्याची निवड संघ ठराव करून करत असे. त्याच्यासाठी पाच अटी होत्या. तो पक्षपाती नसावा, द्वेषी नसावा, मूढ नसावा, भित्रा नसावा आणि कोणती मते घेतली व कोणती राहिली हे त्याला कळत असावे. मतदान गुप्त, उघड किंवा कानात सांगून, अशा तीन पद्धतींनी होई.

भांडण हाताबाहेर गेले तर

कौशांबीचे भांडण प्रसिद्ध आहे. एका लहानशा दोषावरून संघाचे दोन तट पडले. अट्ठकथेनुसार निमित्त होते शौचालयात भांड्यात उरलेल्या पाण्याचे. भगवंतांनी समजावले, पण भिक्खूंनी त्यांनाच यात न पडण्याची विनंती केली. भगवंत एकटेच कौशांबी सोडून निघून गेले. मग कौशांबीच्या उपासकांनी एक निर्णय घेतला. या भिक्खूंना वंदन करायचे नाही, दान द्यायचे नाही. त्यानंतरच भिक्खू भानावर आले आणि वाद मिटवायला श्रावस्तीला गेले. समाजाने दोन्ही तटांना पाठिंबा देणे थांबवले की तट टिकत नाहीत. एका वस्तीत दोन मिरवणुकांना वर्गणी देणाऱ्या प्रत्येक घराने यावर विचार करावा.

फार चिघळलेल्या वादासाठी विनयात 'तिणवत्थारक' हा मार्ग आहे. तिणवत्थारक म्हणजे गवताने झाकणे. दोन्ही बाजूंनी इतके काही बोलले-केले गेले आहे की प्रत्येक गोष्ट उकरली तर फूट आणखी वाढेल, अशा वेळी प्रत्येक बाजूच्या एका जाणकार भिक्खूने आपल्या सगळ्यांच्या वतीने दोष मान्य करायचा आणि विषय कायमचा मिटवायचा.

पण या गवताखाली काय झाकायचे नाही, हेही विनयाने सांगितले आहे. गंभीर दोष आणि गृहस्थांशी संबंधित दोष यातून वगळले आहेत. आम्ही हे मुद्दाम ठळकपणे सांगतो. निधीचा अपहार, महिलांचा छळ, मारहाण या गोष्टी "समाजाची बदनामी नको" म्हणून गवताखाली जात नाहीत. त्यांची जागा पोलीस ठाण्यात आणि न्यायालयात आहे. जी एकी पीडितेला गप्प बसवून टिकते, तिला धम्माचे नाव देता येणार नाही.

जसेच्या तसे काय घ्यायचे नाही

आपण विनयाची पोथी डोक्यावर घेऊन नाचणारे नाही. काही गोष्टी सोडाव्याच लागतील. भिक्खुणींसाठी सांगितलेल्या आठ गरुधम्मांपैकी शेवटचा असा आहे की भिक्खुणीने भिक्खूला उपदेश करू नये. आज आपल्या बैठकीत महिलेला पुरुष पदाधिकाऱ्याची चूक दाखवण्याचा पूर्ण हक्क आहे. संविधानाच्या कलम १४ आणि १५ नंतर यावर चर्चा उरत नाही.

तसेच गुप्त मतदानात अधम्मवादी जास्त भरले तर मतदान नीट झाले नाही असे म्हणून ते पुन्हा घेण्याचा अधिकार सलाका गोळा करणाऱ्याला होता. संघापुढचा प्रश्न धम्म काय आणि अधम्म काय हा होता, म्हणून ही तरतूद आली. जयंतीच्या समितीत असा अधिकार कोणालाही देऊ नये. निकाल लागला की तो मान्य करावा.

उद्याच्या बैठकीसाठी आठ नियम

वरच्या सगळ्याचा सारांश म्हणून आम्ही आठ नियम सुचवतो. ते एका कागदावर लिहून विहारात लावता येतील. भांडण सुरू नसताना, शांत वेळी, सर्वांनी मिळून मंजूर करावेत. भांडणाच्या मध्यावर केलेला नियम नेहमी कोणाच्या तरी विरुद्ध केलेला वाटतो.

१. विषयपत्रिका आणि वेळ किमान आठवडाभर आधी सर्वांना कळवावी. ठरलेली गणपूर्ती नसेल तर निर्णय घेऊ नये.

२. बसण्याची रचना गोलाकार असावी. महिला आणि तरुणांना मागची रांग ठरवून देऊ नये.

३. प्रत्येक विषय लेखी ठराव म्हणून मांडावा. महत्त्वाचा ठराव तीन वेळा वाचावा आणि प्रत्येक वेळी थांबून हरकत विचारावी.

४. एकदा बोललेल्याने सर्वांची पहिली फेरी होईपर्यंत पुन्हा बोलू नये. जो येऊ शकला नाही त्याचे लेखी मत वाचून दाखवावे.

५. टीका कामावर करावी. कोणाची जात-पोटजात, घर, शिक्षण, नोकरी किंवा चारित्र्य मध्ये आणू नये. आरोप करायचा असेल तर पुराव्यासह आणि ती व्यक्ती समोर असताना करावा.

६. एकमत न झाल्यास दोन्ही बाजूंचे समान सदस्य असलेली समिती नेमावी. तरीही न सुटल्यास गुप्त मतदान घ्यावे. मते मोजणारा दोन्ही बाजूंना मान्य असावा.

७. विरोधी मत इतिवृत्तात नोंदवावे. नियमाने झालेल्या निर्णयानंतर बाहेर वेगळी चूल मांडू नये. नवे कारण असेल तर तो विषय पुढच्या बैठकीत रीतसर आणावा.

८. वर्षातून एकदा, वर्षावासाच्या शेवटी, पवारणेच्या धर्तीवर बैठक घ्यावी. सर्वांत आधी अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार यांनी उभे राहून आपल्या चुका विचाराव्यात आणि हिशेब समोर ठेवावा.

यातला आठवा नियम सर्वांत कठीण आहे. पण तो पाळला गेला तर बाकीचे सात पाळायला सभासदांना फार सांगावे लागणार नाही. नियम सर्वांत आधी पदाधिकाऱ्यांना लागू होतात, हे एकदा दिसले की मागच्या रांगेतली बहीण उभी राहून बोलते आणि तो "कालचा पोरगा" पुढच्या बैठकीलाही येतो.

महापरिनिब्बान सुत्तात भगवंतांनी वज्जींच्या अभ्युदयाची सात कारणे सांगितली आहेत. त्यांतली पहिली दोन अशी की ते वारंवार सभा भरवतात आणि एकत्र जमतात, एकत्र उठतात. पुढे मगधाचा अजातशत्रू वज्जींना जिंकू शकला तो त्यांच्यात फूट पडल्यावर, असे अट्ठकथा सांगतात. आपल्या वस्तीतली पुढची बैठक कधी आहे ते पाहा. हा लेख तिथे वाचून दाखवा, आठपैकी कोणते नियम तुम्हाला पटत नाहीत ते मांडा आणि उरलेल्यांपासून सुरुवात करा.

नमो बुद्धाय! जयभीम!